चाळीस दोऱ्या आणि भिंतीला टेकलेली मुलं: एका शाळेतल्या दोरीउडी उपक्रमाचं प्रकरण

शाळेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, चुका आणि त्यांवरचे उपाय मात्र घडले तसेच मांडले आहेत.

पार्श्वभूमी

पाचवी ते आठवीच्या प्रत्येकी दोन तुकड्या, एका तुकडीत साधारण ३८ मुलं आणि सगळ्यांना मिळून एकच क्रीडाशिक्षक. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोनदा ३५ मिनिटांचा तास. जागा दोनच: लाकडी फळ्यांची जमीन असलेलं १२ बाय ८ मीटरचं सभागृह आणि त्याला लागून असलेलं सिमेंटचं अंगण.

मोठं मैदान नसलेल्या शाळेला दोरी हे सोयीचं साधन वाटतं. साहित्य स्वस्त, नियम सोपे, आणि थोड्या वेळात दम लागेल असा व्यायाम. तेवढ्यावरच शाळेने निर्णय घेतला आणि चार गोष्टी एकदम सुरू केल्या. पीव्हीसीच्या ४० दोऱ्या आणल्या, सगळ्या २.७ मीटर लांबीच्या. ‘मोठी दोरी सगळ्यांना चालेल, लहान मुलांना गाठ मारून देऊ’ असा हिशेब होता. स्पर्धेत उतरणाऱ्या एका संघाला बोलावून सकाळच्या परिपाठानंतर प्रात्यक्षिक ठेवलं. सभागृहाच्या दाराशी ‘३० सेकंदांत सर्वाधिक उड्या’ असा फलक लावला आणि त्यावर पहिल्या दहा मुलांची नावं लिहायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत रोज अंगणात दोरीउडी मंडळ सुरू केलं. सत्राच्या शेवटी देणगीसाठी एक कार्यक्रमही ठरला होता: मूल जितक्या उड्या मारेल तितकी देणगी.

पहिले तीन आठवडे मंडळात साठ-साठ मुलं येत होती. दोऱ्या कमी पडत होत्या.

अडचण

सहाव्या आठवड्यात मंडळात चौदा मुलं उरली, आणि रोज तीच चौदा. तासाला ‘आज नको’ म्हणणाऱ्या चिठ्ठ्या वाढल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक सातवी-आठवीच्या मुलींच्या. पाच मुलांनी टाच किंवा नडगी दुखत असल्याची तक्रार केली. या पाचांपैकी चौघांची नावं वेगाच्या फलकावर होती, पण ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

शिक्षकांच्या खोलीत तीन स्पष्टीकरणं फिरत होती. नवलाई संपली. मुलग्यांना हा मुलींचा खेळ वाटतो. हल्लीच्या मुलांत दमच नाही. तिन्हींमध्ये दोष मुलांच्या मनावर किंवा शरीरावर टाकलेला होता. दोरी, जमीन आणि तासाची आखणी यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

दोन तास नुसतं पाहणं

क्रीडाशिक्षकांनी आणि सहावीच्या एका वर्गशिक्षिकेने मिळून एक साधं काम केलं. सलग दोन तासांना वर्गशिक्षिका कागद घेऊन बाजूला बसल्या. कोणाच्या हातात दोरी किती मिनिटं असते आणि उडी कुठे अडते, एवढंच त्यांनी लिहायचं होतं. पुढची सगळी दिशा या कागदांनी ठरवली.

पहिली गोष्ट जागेची. दोरी फिरवणाऱ्या मुलाला पुढे-मागे मिळून ३ मीटर आणि आडवी २ मीटर मोकळी जागा लागते. १२ बाय ८च्या सभागृहात चार रांगांत चार असे सोळा जण बसतात. दारासमोरच्या दोन जागा सोडल्या की चौदा. म्हणजे ३८ मुलांच्या तीन पाळ्या. हजेरी आणि दोऱ्या वाटण्यात दहा मिनिटं जात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठ मिनिटं येत. त्या आठातही नवशिकं मूल खरोखर उडी मारत असे ते दोनेक मिनिटं. बाकीचा वेळ अडकलेली दोरी सोडवण्यात आणि पुन्हा मागे टाकण्यात जाई.

दुसरी गोष्ट लांबीची. एका पायाने दोरीच्या मध्यावर उभं राहून दोन्ही मुठी वर ओढल्या की त्यांची वरची टोकं काखेपर्यंत यावीत. नवशिक्याला थोडी सैल, खांद्यापर्यंत येणारी दोरी चालते. साधारण १४५ सेंमीपर्यंतच्या मुलाला २.१ मीटर, १६० सेंमीपर्यंत २.४ मीटर, त्याहून उंच मुलाला २.७ मीटर. पाचवी-सहावीत २.७ची दोरी योग्य बसेल असं मूल एखादंच होतं. लांब दोरी पायांच्या बरीच पुढे जमिनीवर आपटते, उसळते आणि मग सरपटत पायाशी येते. ती आवरायला मूल हात पंखांसारखे बाजूला पसरतं. हात पसरले की मनगटाऐवजी खांदा फिरतो आणि वीस उड्यांत खांदे भरून येतात. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की मुलाला दम नाही.

गाठींनी भर घातली होती. मुठीजवळ मारलेली एखादी गाठ तात्पुरती चालते. मुलांनी मात्र दोरीच्या मध्यावर गाठी मारल्या होत्या, आणि जमिनीला नेमका तोच भाग लागतो. तिथे गाठ असली की दोरी प्रत्येक फेरीत वेगळ्या दिशेला उडते. शिवाय दोऱ्या एका खोक्यात कोंबून ठेवल्याने पीव्हीसीला वेटोळ्यांचा आकार बसला होता.

तिसरी गोष्ट कागदावर शेवटच्या ओळीत आली, पण तीच सगळ्यात महत्त्वाची होती. पाळी नसलेली चोवीस मुलं भिंतीला टेकून बसत, उडी मारणाऱ्यांकडे तोंड करून. म्हणजे प्रत्येक मुलीला आणि प्रत्येक जाड मुलाला चोवीस जणांसमोर उड्या मारायच्या, अडखळायचं आणि पुन्हा दोरी उचलायची. चिठ्ठ्यांमागचं कारण शोधायला यापलीकडे जावं लागत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

एक, उपक्रम चौदा मुलांपुरता ठेवून त्यांचा स्पर्धा संघ करावा. यात अपयश झाकलं गेलं असतं आणि संघ चांगलाही झाला असता. पण उपक्रम सगळ्या शाळेसाठी होता; ती चौदा मुलं दोरी नसती तरी काहीतरी खेळलीच असती.

दोन, बक्षिसं वाढवून पुन्हा एक प्रात्यक्षिक घ्यावं. मुख्याध्यापकांचा कल इकडे होता. पण संघाच्या प्रात्यक्षिकाने आधीच एक नुकसान केलं होतं. एका उडीत दोरी दोनदा फिरवणारा डबल अंडर पाहिल्यावर मुलं थेट तोच करू पाहत होती, आणि ज्यांना साधी उडीही जमत नव्हती त्यांनी तो खेळ आपला नाही असं ठरवून टाकलं होतं.

तीन, सगळा वर्ग अंगणात न्यावा. जागेचा प्रश्न सुटला असता, पण टाचा दुखण्याचा वाढला असता. सिमेंट धक्का अजिबात शोषत नाही, आणि पातळ पीव्हीसी खरखरीत जमिनीवर मध्यातून लवकर झिजते.

चार, तासाची रचनाच बदलावी: एका गटाला आत एकट्याची दोरी, बाकीच्यांना अंगणात मोठी दोरी. मोठ्या दोरीत सहा जणांचा गट असतो, त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला मोजक्या उड्या येतात आणि सिमेंटवरही भार मर्यादित राहतो.

चौथा पर्याय निवडला गेला. त्याची किंमत होती देखरेख. एका शिक्षकाने दोन जागा कशा सांभाळायच्या? सभागृहाची दोन्ही दारं अंगणात उघडत होती, म्हणून शिक्षकांनी दारात उभं राहायचं आणि आठवड्यातल्या एका तासाला वर्गशिक्षिकेनेही यायचं असं ठरलं. दारं तशी उघडत नसती तर हा पर्याय घेणं बरोबर ठरलं नसतं.

काय केलं

*दोऱ्या.* चाळिसांपैकी नऊ दोऱ्यांच्या मुठी तुटल्या होत्या. उरलेल्या ३१ पैकी १४ दोऱ्या २.१ मीटरच्या केल्या, १२ दोऱ्या २.४च्या, आणि ५ होत्या तशाच ठेवल्या. लांबी कमी करताना दोरी मुठीतून बाहेर ओढायची, नवी गाठ मुठीच्या आत बसवायची आणि जास्तीचा तुकडा एका मुलावर लांबी तपासल्यानंतरच कापायचा. लाल, पिवळी, निळी चिकटपट्टी मुठींवर लावली आणि मुलांना आपापला रंग पाठ करायला सांगितलं. वेटोळी बसलेल्या दोऱ्या कढत पाण्यात काही मिनिटं बुडवून सरळ टांगल्या. खोकं काढून भिंतीवर खुंट्या ठोकल्या. दोऱ्या वाटायला लागणारी पाच मिनिटं एका मिनिटावर आली, आणि बाकी काही न बदलता प्रत्येक गटाच्या वेळात भर पडली.

अंगणासाठी ४.५ मीटरच्या चार मण्यांच्या दोऱ्या आणल्या. नायलॉनच्या दोरावर ओवलेल्या प्लास्टिकच्या मण्यांमुळे या दोऱ्यांना वजन असतं, कमान टिकते आणि जमिनीवर टक असा आवाज येतो. त्या आवाजावर नवशिकं मूल ताल पकडतं. सिमेंटवर मधले मणी आधी झिजतात आणि फुटतात. म्हणून दर काही आठवड्यांनी दोरी उसवून टोकाचे मणी मध्ये आणि मधले टोकाला ओवले.

*आतला गट.* पहिल्या चार तासांत कुणाच्याही उड्या मोजल्या नाहीत. क्रम असा होता: दोरीशिवाय दोन-तीन सेंटिमीटरच्या उड्या, पंजावर उतरून गुडघा किंचित वाकलेला. मग दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी शरीराच्या बाजूला फिरवायची आणि तिच्या आवाजावर उडी मारायची. मग दोरी डोक्यावरून आणून बोटांशी थांबवायची, पलीकडे पाऊल टाकायचं. मग एक उडी आणि थांबा. मग दोन. इथे बहुतेक मुलांची एकच चूक होते: दोरी डोक्यावर असतानाच उडी मारतात, कारण ती दिसते तेव्हा पाय उचलावासा वाटतो. त्यांना डोळ्यांनी नव्हे, कानांनी चालायला सांगितलं. वीस सेकंद काम, चाळीस सेकंद विश्रांती. बाजूला दोरी फिरवत पाय बदलणं हाही पूर्ण व्यायाम मानला. ज्याला त्या दिवशी उडी नको असेल त्याने तोच करायचा; त्याला कारण विचारलं जाणार नाही.

*बाहेरचा गट.* दोन जण फिरवणार, चार जण आत जाणार. दोरी वरून आपल्याकडे उतरते, जमिनीला लागते आणि पलीकडे जाते. ती नाकासमोरून गेली की तिच्या मागोमाग, फिरवणाऱ्याच्या खांद्याजवळून आत धावायचं, पाच उड्या मारायच्या आणि समोरच्या फिरवणाऱ्याच्या बाजूने तिरकं बाहेर पडायचं. दोरी जमिनीकडून वर येते त्या बाजूने आत जाणं अवघड, ते नंतर. फिरवणाऱ्यांनाही तितकंच शिकवलं: अंगठा वर, कोपर सैल, हाताचा मोठा गोल, दोघांचा वेग एक, आणि नजर दोरीवर न ठेवता उडी मारणाऱ्याच्या पायांवर. मोठ्या दोरीत मूल अडखळतं त्यातल्या कितीतरी वेळा चूक दोरी फिरवणाऱ्याची असते, आणि हसं मात्र आतल्याचं होतं. हे मुलांना स्पष्ट सांगितल्यावर हसणं बरंच कमी झालं.

निर्णयाच्या जागा

*फलक उतरवायचा का?* फलकावरच्या मुलांनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी ते आकडे कष्टाने मिळवले होते. फलक उतरवला, पण वेगाची चाचणी मंडळात आठवड्यातून एकदा ठेवली आणि ती नीट घेतली. स्पर्धांत ३० सेकंदांची वेगउडी धावत्या पावलांनी असते आणि फक्त उजव्या पायाची पावलं मोजली जातात, कारण त्या वेगात दोन्ही पाय मोजताना चूक होते. फलकावरचे काही आकडे दोन्ही पायांचे होते, काही एकाच पायाचे. मोजदाद मित्रच करत होते. म्हणजे फलक न्याय्यही नव्हता. तासाला प्रत्येक मुलाला एक कार्ड दिलं: न अडखळता सलग किती उड्या, कोणत्या दोन नव्या तऱ्हा जमल्या, मोठ्या दोरीत शिरता येतं का. कार्ड मुलाकडे आणि शिक्षकांकडे, भिंतीवर नाही.

*दुखणाऱ्या टाचांचं काय?* मंडळातली मुलं फलकासाठी रोज अंगणात तीन-तीन मिनिटं सलग उड्या मारत होती. मिनिटाला शंभर धरल्या तरी एका दमात तीनशे, तेही सिमेंटवर, बऱ्याचदा झिजलेल्या तळव्यांच्या बुटांत. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून पक्का नसतो आणि पोटरीचा जाड स्नायुबंध त्यावर सतत ओढ देत असतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर हा ताण असण्याची शक्यता असते; निदान डॉक्टरांचं, शिक्षकांचं नाही. एका मुलाच्या बाबतीत डॉक्टरांनी तेच निदान केलं. मंडळ आठवड्यातून दोन दिवसांवर आणलं, दोन्हींमध्ये किमान एक दिवस मोकळा. एकट्याच्या उड्या फक्त लाकडी जमिनीवर. लंगडणं किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारं दुखणं असेल तर दोरी बंद आणि घरी निरोप. हा नियम पहिल्या दिवशी असायला हवा होता. पाच मुलांना जे सोसावं लागलं त्याची जबाबदारी उपक्रम आखणाऱ्यांची आहे.

*मुलींशी कोणी बोलायचं?* वर्गशिक्षिकेने दोन-तीन मुलींच्या गटात, वर्गाबाहेर विचारलं. उत्तरं सरळ होती: सगळे बघतात, उडी मारताना अंग हलतं त्याची लाज वाटते, मासिक पाळीच्या दिवसांत नको वाटतं. भिंतीला टेकून बसणारी रांग नव्या रचनेमुळे आपोआप गेली होती. त्याशिवाय कपड्यांची सक्ती सैल केली, आतल्या गटात जागा स्वतः निवडायची मुभा दिली, आणि आधार देणाऱ्या अंतर्वस्त्राबद्दल मुलींना वेगळं, स्पष्ट सांगितलं. शेवटची गोष्ट शिक्षिकेला अवघड गेली. पण धावण्या-उडण्याच्या कुठल्याही खेळात मोठ्या मुली टिकवायच्या असतील तर ती टाळून चालत नाही.

*देणगीचा कार्यक्रम.* उड्यांमागे देणगी ठेवली की दुखऱ्या पायाने उड्या मारणारं मूल नक्की तयार होतं. अमेरिकेत १९७८ पासून दोरीउड्यांतून हृदयविकाराच्या कामासाठी शाळांमध्ये निधी जमवण्याची मोठी परंपरा आहे, त्यामुळे कल्पना नवी नव्हती आणि वाईटही नव्हती. इथे बदल एवढाच केला की देणगी गटामागे ठेवली: सहा जणांच्या गटाने एक तास दोरी फिरती ठेवायची, एका वेळी एकाने उडी मारायची. फिरवणं, मोजणं आणि उडणं तिन्ही धरलं गेलं.

मधेच बिघडलेली एक गोष्ट

मोठी दोरी सुरू होऊन दोन आठवडे झाले तेव्हा कागदावर पुन्हा एक चिन्ह दिसलं. प्रत्येक गटात तेच दोघं दोरी फिरवत होते. बहुतेक ते जाड किंवा लाजरे होते, आणि बाकीचे त्यांना आपुलकीच्या सुरात म्हणत, ‘तू छान फिरवतोस, तूच फिरव.’ मुलांचा हेतू वाईट नव्हता, तरी परिणाम भिंतीला टेकून बसण्यासारखाच होता. उपाय म्हणून फेरा ठरवून दिला: आत उड्या, मोजणी आणि फिरवणं आळीपाळीने प्रत्येकाकडे, आणि कुणीही तीन मिनिटांपेक्षा जास्त फिरवायचं नाही. आत शिरायला घाबरणाऱ्या मुलाला आधी स्थिर दोरीशेजारी उभं करायचं, मग दोरी नुसती झुलवायची, मग पूर्ण फिरवायची. दोन मुलं सत्राच्या शेवटपर्यंत झुलत्या दोरीवरच राहिली. त्यांची ती दोरीउडी म्हणूनच नोंदली.

निकाल

सत्राच्या अखेरीस मंडळात दोन्ही दिवशी पस्तीस-चाळीस मुलं येत होती, आणि ती रोज तीच नव्हती. चिठ्ठ्या बंद झाल्या नाहीत, पण आठवड्याला दोन-तीनवर आल्या. टाचांची एक नवी तक्रार आली आणि ती पहिल्याच दिवशी कळली. पाचवी-सहावीतल्या ज्यांना सुरुवातीला सलग दहा उड्या जमत नव्हत्या त्यांतल्या बहुतेकांना त्या जमल्या. यात दोरीच्या लांबीचा वाटा शिकवण्याइतकाच असावा.

सगळं साधलं नाही. वेगातली दोन सर्वांत चांगली मुलं मंडळातून गेली. त्यांना आठवड्याला एक चाचणी पुरेशी वाटेना, आणि त्यांच्यासाठी शाळेकडे वेगळा वेळ नव्हता. आठवीचे मुलगे बराच काळ बाजूलाच राहिले. ते आले ते दोन मोठ्या दोऱ्या उलट दिशांनी फिरवणाऱ्या डबल डचमुळे आणि दोघांनी एकमेकांच्या दोरीची एकेक मूठ धरून आळीपाळीने उडण्यामुळे. दोन्हींत जोडीदाराशिवाय चालत नाही. ‘मुलींचा खेळ’ हे वाक्य कुणी मागे घेतलं नाही, ते फक्त ऐकू येईनासं झालं.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीआधी उंची घ्यायला हवी होती. एका तुकडीची उंची मोजायला पंधरा मिनिटं लागतात. एकाच वेळी चौदापेक्षा जास्त मुलं आत मावत नाहीत हे आधी मोजलं असतं तर चाळिसाऐवजी वीस एकट्याच्या दोऱ्या आणि चार मोठ्या दोऱ्या पहिल्याच दिवशी आल्या असत्या.

प्रात्यक्षिकाआधी आठवीतली आठ-दहा मुलं दोरी फिरवायला तयार करायला हवी होती. बाहेरचा संघ एका सकाळी येऊन जातो. अंगणात रोज उभी राहणारी मुलं शाळेचीच असतात. प्रात्यक्षिकही त्यांनीच केलं असतं, अडखळत आणि पुन्हा सुरू करत, तर पाचवीच्या मुलांना दोरी आपल्या आवाक्यातली वाटली असती.

मुलींशी बोलणं सहाव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात व्हायला हवं होतं. पहिल्या तीन चिठ्ठ्या आल्या तेव्हाच ते कळू शकलं असतं.

निरीक्षणाचा कागद आता दर चौथ्या आठवड्यात एका तासापुरता काढला जातो. त्यावर तीनच रकाने आहेत: हातात दोरी किती मिनिटं, किती वेळ फिरवलं, आणि ज्याने एकदाही दोरी धरली नाही त्याचं नाव. तिसऱ्या रकान्यातल्या मुलाशी त्याच दिवशी, तास संपल्यावर, एकट्यात बोलायचं असं ठरलेलं आहे.